रिंगणीची धुरी

पिशोरच्या वर, डोंगराच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथल्या मुरमाड माळावर रिंगणी उगवते. तिला कुणी लावत नाही, कुणी उपटतही नाही. जमिनीला चिकटून पसरते आणि पानांवर, देठांवर पिवळे लांब काटे असतात. शेळीसुद्धा तोंड लावत नाही. लहानपणी तिच्यावर अनवाणी पाय पडला की दिवसभर लंगडायचं. तिचं फूल जांभळं असतं एवढं मला माहीत होतं, पण वाकून कधी बघितलं नव्हतं. आमच्या घराला काम होतं ते तिच्या फळाशी.

माझी माय दाताची धुरी देते. रिंगणीचं फळ आधी हिरवं असतं, त्यावर पांढऱ्या रेघा. पिकलं की हळदीसारखं पिवळं होतं. माय उन्हाळ्यात ती पिवळी फळं गोळा करते, दोऱ्यात ओवून आढ्याला टांगते आणि वर्षभर पुरवते. शनिवारी माणसं येतात. कन्नडहून येतात, घाटाखालून येतात, गालाला फडकं बांधून. माय परातीत पाणी घेते, मधे वीट ठेवते. चुलीत लाल केलेला लोखंडाचा तुकडा विटेवर ठेवते, तुपात कालवलेलं बी त्यावर टाकते आणि भोक पाडलेलं गाडगं वरून पालथं घालते. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवते. ज्याचा दात दुखतो त्यानं तो देठ तोंडात धरायचा, धूर आत घ्यायचा आणि लाळ परातीत सोडायची. आत बी तडतडत राहतं. धूर संपला की माय गाडगं उचलते, आणि पाण्यावर किडे दिसतात. पांढरे, वळलेले, तांदळाच्या कणीहून बारीक. माणूस ते बघतो आणि त्याचं दुखणं तिथंच अर्धं होतं.

माय कुणाकडून काही घेत नाही. नारळसुद्धा नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो म्हणते. तिचा दुसरा नेम असा की नळीला तोंड नसेल तर धुरी करायची नाही. रिकामी धुरी केली तर कीड देणाऱ्याच्या दाताला लागते. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली, तेव्हापासून मी तिच्या हाताखाली होते. लोखंड किती लाल हवं, बी किती, तूप किती, हे सगळं मला येतं.

लग्न होऊन मी शहरात आले. माझे मालक इमारतींना रंग द्यायचे. दिवसभर दोरीच्या झुल्यावर बसून काम आणि तोंडात गुटख्याची पुडी. माझे सासू-सासरे आधीच गेले होते. धाकटे दीर बिडकीनकडं कंपन्यांच्या भागात मालाची रिक्षा चालवतात, ते आणि जाऊबाई शेजारच्याच गल्लीत राहतात. मी सासरी कधी मोठ्यानं बोलले नाही. चार माणसं बसली की मी आत असायची. जाऊबाई म्हणायची, "आमच्या जाऊबाईंना देवानं जीभ दिली ती फक्त मीठ बघायला." सगळे हसायचे, मीही हसायची.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मालकांच्या डाव्या गालाला आतून फोड आला. दाढेजवळ. त्यांना वाटलं दाढ आहे, मलाही तसंच वाटलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दाताच्या डॉक्टरची पाटी होती. पण मी म्हणाले, धुरी देते. आढ्याची माळ मायकडून आणलेली होतीच.

पहिल्या धुरीला भाऊजी आणि जाऊबाई दोघं आले होते. अंगणात मी चुलीपुढं बसले होते आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मालक मी सांगेन तसं करत होते. नळी अशी धरा, श्वास नाकातून सोडा, लाळ गिळू नका. त्या घरात माझं कुणी ऐकतंय असं मला पहिल्यांदाच दिसलं. धूर संपला तेव्हा भाऊजींनी गाडगं उचललं आणि परातीवर वाकून मोजायला लागले.

"दादा, सतरा हायेत. तुझ्या तोंडात गाव वसलं व्हतं की."

मालक डोळे पुसत हसले. "मग आता उठलं म्हणायचं गाव."

"जाऊबाई लई गुणाच्या निघाल्या," जाऊबाई म्हणाली. "आम्हाला वाटलं नुसत्या भाकरी थापतात."

ते बोलणं मी कितीतरी दिवस मनात फिरवलं. ते आता लिहितानासुद्धा वाईट वाटतं, पण खरं आहे.

मग दर शनिवारी धुरी व्हायला लागली. फोड बसेना, पण किडे पडत होते, म्हणजे गुण येत होता. पौषात एका शनिवारी सतराचे अकरा झाले. पुढच्या वेळी आठ. मालक त्या दिवशी नळी खाली ठेवून म्हणाले, "अगं, आपण एकदा दवाखान्यात दाखवू. गिळताना कानापर्यंत कळ जाते."

मी म्हणाले, "किडे कमी होत चाललेत. आठावर आलं. अजून दोन-तीन शनिवार घेऊ, मुळासकट निघंल."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुला कळतं त्यातलं."

वैशाखात आखाजीला आमरस केला. रस तोंडात घेताच ते कळवळले. तोवर त्यांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

भाऊजी केसपेपर काढायच्या रांगेत उभे होते. मी म्हणाले, "पंधरा-वीस दिवस."

मालकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी पुन्हा त्यांच्या तोंडात बघितलं आणि मग माझ्याकडं. मी पदर सारखा केला.

कापाकापी झाली, मशीनचे शेकही दिले, पण गळ्यापर्यंत पोचलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते गेले.

त्यानंतर वर्षभर मी दोन घरची धुणीभांडी केली. आमच्या शेजारी खाला राहते. ती एका कॉलेजच्या बागेत पाणी घालायला आणि झाडलोटीला जाते. एक दिवस ती म्हणाली, "वहाँ एक मॅडम आई है. कांटों का झाड लगारी. कोई हाथ नहीं लगाता. तू डोंगर की है ना गे, चल."

ते कांटों का झाड म्हणजे रिंगणी होती. वाफ्यात ओळीनं लावलेली, प्रत्येक झाडाजवळ पत्र्याची पट्टी. मी हसले असेन, कारण त्या मॅडम, म्हणजे आमच्या ताई, म्हणाल्या, "का हो मावशी?"

"काही नाही. हिला कुणी लावत नसतं."

ताई मोठ्या पदवीसाठी रिंगणीचा अभ्यास करत होत्या. डोंगरावरची रिंगणी कधी फुलते, तिला फळ कसं धरतं, बी किती येतं, किती उगवतं. रोपं त्यांनी पिशोरच्या वरूनच आणली होती. त्यांनी मला एक मोठी वही दिली आणि रकाने आखून दिले. सकाळी किती कळ्या, किती फुलं उघडली, किती गळाली, हे रोज लिहायचं. हे मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. पुढची पानं ताई बघतात.

त्या बागेत मी पहिल्यांदा रिंगणीचं फूल बघितलं. कळी सकाळी उघडते. पाकळ्या जांभळ्या, मधे पाच पिवळे दांडके एकमेकांना टेकून उभे, जसे कणसातले दाणे. संध्याकाळी फूल मिटतं, दुसऱ्या दिवशी परत उघडतं, मग कोमेजतं. फुलात मध नसतो. मधमाशी येते, बसते, निघून जाते. काम होतं ते मोठ्या काळ्या भुंग्याचं. तो त्या पिवळ्या दांडक्यांना पायांनी कवळतो आणि अंग थरथरवतो. त्याचा आवाज नेहमीच्या गुणगुणण्याहून वेगळा, चिडल्यासारखा येतो. दांडक्यांच्या टोकाला बारीक भोकं असतात, त्यातून पिठासारखी धूळ उडते. दांडका बाकी कुठून फुटत नाही. हलवल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही.

ताई काही फुलांवर मलमलीच्या पिशव्या बांधायच्या, म्हणजे भुंगा येऊ नये. त्यातल्या काही फुलांना त्या दात घासायचा बॅटरीवरचा ब्रश लावून थरथरवायच्या आणि पुन्हा पिशवी बांधायच्या. पिशव्या बांधायचं काम माझ्याकडं आलं. काटे बोटांत शिरायचे, पण मला सवय होती.

खाला झारी घेऊन यायची आणि विचारायची, "क्यों गे, आज कित्ती दुल्हनां को पर्दे में बिठाई?"

"बावीस."

"और मॅडम क्या करारी?"

"फुलाला ब्रश करताहेत."

"या अल्ला. मेरे दांतां गिर गए, किसी ने नहीं पूछा. फूल के दांत घिसरे."

ताईसुद्धा हसायच्या.

ज्या फुलांवर पिशवी होती आणि ज्यांना हलवलं नाही, ती गळून पडली. हलवलेल्यांतल्या काहींना फळ धरलं. उघड्या फुलांना जास्त धरलं. आणखी एक गोष्ट कळली. काही फुलांच्या मधली हिरवी दांडी लांब असते, पिवळ्या दांडक्यांच्या वर डोकं काढते. काहींची तोकडी असते, आतच राहते. तोकड्या दांडीच्या फुलाला कितीही हलवा, फळ नाही. मी म्हणाले, मग ती खुडून टाकू का? ताई म्हणाल्या, "नको. त्यांची धूळ दुसऱ्याच्या कामी येते. आणि झाडाला सगळ्याच फुलांची फळं झेपत नाहीत, मावशी."

मला ते काम आवडलं. कुणाशी बोलावं लागत नव्हतं आणि जे दिसलं तेच लिहायचं होतं. ताईंचा एकच हट्ट होता, फूल गळालं असेल तर गळालं लिहा. मला बरं वाटावं म्हणून एकही जास्त लिहू नका.

फळं धरली ती हिरवी राहिली दीड-दोन महिने. वैशाखात पिवळी व्हायला लागली. ताईंनी पहिली पिकलेली फळं कापली आणि आतलं बी धुऊन पाण्यात भिजत घातलं. बी चपटं, मिरचीच्या बियांसारखं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक बी काचेवर घेतलं, ब्लेडनं त्याची कड कापली आणि सुईनं हळूच दाबलं. आतून काहीतरी सरकन बाहेर आलं.

"या मावशी, बघा." त्यांनी मला यंत्राच्या भिंगाला डोळा लावायला सांगितलं.

पांढरं, वळलेलं. एक टोक जरा जाड, दुसरं निमुळतं, शेपटीसारखं मुडपलेलं.

"हा गर्भ," ताई म्हणाल्या. "म्हणजे आतलं रोप. बियांत जागा कमी म्हणून असं गुंडाळून झोपलेलं असतं. पाणी मिळालं की सरळ होतं."

मी भिंगावरून डोळा काढला आणि काचेवर नुसत्या डोळ्यांनी बघितलं. नुसत्या डोळ्यांनी ते जसं दिसत होतं तसं मी हजार वेळा बघितलं होतं. मायच्या परातीत आणि माझ्याही.

मी विचारलं, "ताई, हे बी तापल्या लोखंडावर टाकलं तर?"

"तडकेल. लाहीसारखं. आतला गर्भ उडून बाहेर पडेल. का हो?"

"काही नाही."

त्या दिवशी मी राहिलेली फळं मोजली आणि रकान्यात लिहिली. खाला म्हणाली, "मुँह क्यों उतरा तेरा?" मी म्हणाले, ऊन लागलं.

घरी येऊन बसले तेव्हा एकेक गोष्ट आठवत गेली. पौषात माझ्याजवळची फळं संपत आली होती. नवी फळं उन्हाळ्याशिवाय मिळणार नव्हती, म्हणून मी चिमूटभर बी टाकायची तिथं अर्धी चिमूट टाकायला लागले होते. बी अर्धं, म्हणून किडे अर्धे. सतराचे अकरा झाले, अकराचे आठ झाले, ते माझ्या चिमटीत कमी झाले होते. त्यांच्या गालात काहीच कमी झालं नव्हतं. आणि ते आठ दाखवून मी त्यांना दवाखान्यापासून थांबवलं होतं.

तरी मन म्हणत होतं, खरे किडे वेगळे असतील. दिसायला सारखे असतील. एकदा नळीला तोंड न लावता करून बघितलं असतं तर कळलं असतं. पण गाडग्याला हात लावायची हिंमत झाली नाही. मायचा नेम होता, आणि त्याहून जास्त म्हणजे मला कळून घ्यायचं नव्हतं.

ज्येष्ठ लागायच्या आत ताईंनी मला पिशोरला पाठवलं. डोंगरावरची पिकली फळं हवी होती, बागेतल्या फळांशी ताडून बघायला. कन्नडपर्यंत एसटी, पुढं जीप. शनिवार होता. मी पोचले तेव्हा मायपुढं एक बाई नळी धरून बसली होती, तिचा नवरा मागं उभा होता. मायनं गाडगं उचललं. बाई किडे बघून रडायलाच लागली, सुटका झाल्यासारखी. मायनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परातीतलं पाणी उकिरड्यावर ओतलं.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "माय, तोंड न लावता कधी धुरी केली का तू?"

"येडी का तू? धूर वाया घालायचा व्हय? अन् आपल्याच दाताला लागतं ते."

"कुणी करून बघितलंय का पण?"

"माझ्या सासूनं नाय केलं, तिच्या सासूनं नाय केलं. मी कशाला करू?" मग तिनं माझ्याकडं निरखून बघितलं. "जावयाचं मनात घेऊन बसलीस व्हय? तुझ्या हाताला गुण नव्हता असं नाय पोरी. त्यांची वेळ भरली व्हती."

मायच्या स्वतःच्या तोंडात चार दात राहिलेत. ती इतकी वर्षं लोकांच्या लाळेची परात उचलते, कुणाचा घोटभर चहा घेत नाही. मी माळावर जाऊन फळं वेचली, पिशवीत भरली आणि परत आले.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी भाऊजी आले. एकटेच होते. गमछा तोंडाभोवती होता. बसले, पाणी प्यायले, आणि पाणी पिताना त्यांनी मान उजवीकडं कलती केली. मालकही तसंच प्यायचे.

"वहिनी, दाढ दुखतीया. महिना झाला. धुरी द्या."

"दाखवा."

त्यांनी गाल बोटानं ओढून दाखवला. आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधे लाल, खरवडल्यासारखं.

मी म्हणाले, "भाऊजी, दवाखान्यात जा."

"नाय. दादाचं बघितलं ना आपण. धुरीवर व्हता तवर चालत-फिरत व्हता, कामाला जात व्हता. तिथं सुरी लावली अन् सहा महिने काढले नाय त्यानं. मी तिथं पाय ठेवायचा नाय." मग जरा हसले. "माझ्या तोंडात गाव नाय वसलं, वहिनी. दोन-चार घरं असतील. तेवढी उठवा."

मला त्यांना सांगता आलं असतं. बियांत गर्भ असतो, तापल्यावर उडतो. शब्द माझ्याजवळ होते, ताईंनी दिलेले. पण तोंड उघडेना. ते माझं ऐकून मान हलवतील आणि दुसऱ्या शनिवारी पिशोरला मायपुढं जाऊन बसतील, हे मला माहीत होतं. मायचे किडे त्यांनी बघितले असते. माझ्या शब्दांना कोण विचारतं?

मी उठले आणि अंगणातली चूल पेटवली. लोखंड तापायला ठेवलं. परात भरली, वीट ठेवली. ताईंना देऊन उरलेली फळं घरात होती, त्यातलं एक फोडून बी तुपात कालवलं. पूर्ण चिमूट. लोखंड लाल झाल्यावर विटेवर ठेवलं, बी टाकलं, गाडगं पालथं घातलं. भोकावर नळी बसवली नाही. तिथं वाटी पालथी घातली आणि मागं सरकून बसले.

"वहिनी, नळी."

"थांबा."

"धूर वाया चाललाय की." ते पुढं सरकले. आत बी तडतडत होतं. "माईचा नेम मोडताय. तुमच्याच दाताला लागंल."

"लागू द्या."

ते माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. गाडग्याकडं बघत राहिले. मनात एकच होतं, काही पडू नये. पाणी स्वच्छ निघावं, म्हणजे माझे किडे खरे ठरतील, मालकांच्या तोंडातून निघालेले. भाऊजींचं काहीही होवो, त्या घटकेला मला तेच वाटलं.

आवाज थांबला.

"उचला गाडगं," मी म्हणाले.

त्यांनी फडक्यानं धरून उचललं. पाण्यावर किडे तरंगत होते, पांढरे, वळलेले. मागच्यापेक्षा जास्तच होते, कारण बी ताजं होतं. भाऊजी खूप वेळ वाकून बघत होते. यावेळी मोजले नाहीत.

"माझं तोंड तर लागलंच नाय," ते म्हणाले.

"नाय."

"मग हे कुणाचे?"

"बियांतले. बियांतलं रोप असतंय ते. किडा नाय."

त्यांनी बोट पाण्यात घातलं, एक टोकावर घेतला आणि उन्हाकडं धरून बघितला. मग बोट गमछ्याला पुसलं.

"दादाच्या वेळंला?"

"हेच."

ते उठले. चपला घातल्या. दारात थांबले, पण वळले नाहीत. म्हणाले, "मीच मोजायचो की." आणि गेले.

मी परात ओतली नाही. चूल विझेपर्यंत तिथंच बसून होते.

ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले हे मला खालाकडून कळलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. जे वाटलं होतं तेच निघालं, पण लवकर आलात, असं डॉक्टर म्हणाले. आषाढात कापलं. डावा गाल आतून आणि जबड्याची कड काढली, मांडीची कातडी लावली. मी डबा घेऊन गेले तेव्हा जाऊबाई वॉर्डच्या दारात उभी होती. तिनं डबा घेतला नाही. "जाऊबाई, आता पुढं येऊ नका. ह्यांना तुमचं तोंड बघवत नाय," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. मी डबा घेऊन परत आले.

मालकांचं श्राद्ध भाऊजींकडंच असतं. यंदा मला बोलावलं नाही. मी घरी भात शिजवला, कावळ्याला ठेवला, आणि कामावर गेले. पावसात रिंगणी सडते. वाफ्यातली निम्मी झाडं काळी पडली होती. ताई म्हणाल्या, मुळं धरून असली तर पाऊस सरल्यावर फुटतील, तोवर काळं पडलं तेवढं लिहून ठेवा.

गेल्या बुधवारी दुपारी खाला म्हणाली, "तेरा देवर आया है. गेट पे खडा है."

भाऊजी फाटकाजवळच्या ओट्यावर बसले होते. डावी बाजू आत गेलेली, ओठ खाली ओढलेला. मी समोर उभी राहिले. बोलताना त्यांचे शब्द सांडत होते, काही कळत नव्हते, मला ते पुन्हा विचारता येत नव्हते. पहिलं मात्र स्पष्ट कळलं.

"किती महिने दिली दादाला?"

"दिवाळीपासून आखाजीपर्यंत."

त्यांनी बोटं दुमडून मोजले. सहा.

"दादा काय म्हणाला नाय?" त्यांनी विचारलं. "दवाखान्यात जाऊ म्हणून?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मायला नाही, खालाला नाही. ते मेलेल्या माणसाचं आणि माझं होतं. मी नाही म्हणाले असते तर तिथंच मिटलं असतं. पंधरा-वीस दिवस म्हणाले होते तसं.

"म्हणाले व्हते," मी म्हणाले. "पौषात. जाऊ म्हणाले. मी थांबवलं. आणि डॉक्टरांना पंधरा-वीस दिवस म्हणून खोटं सांगितलं."

त्यांनी मग हातानं पाणी मागितलं. मी तांब्या आणला. प्यायले तसं निम्मं पाणी डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडलं, त्यांनी गमछ्यानं पुसलं. मी मदतीला हात पुढं केला नाही, ते आवडलं नसतं.

"तुमच्या माईला सांगितलं?"

"नाय."

"शनिवारी लोक येतात ना अजून?"

"येतात."

"मग शुक्रवारी जा," ते म्हणाले. उठले, गमछा नीट बांधला आणि रस्ता ओलांडून गेले.

मी आत येऊन ताईंकडं शुक्रवारची सुट्टी मागितली.